कागदावरची वेळ

३ जून २०१९, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. घनसावंगीच्या स्टँडवर जीप भरण्याची वाट पाहत माझे वडील, आबा, म्हणाले होते, "तुमचं इमान तरी टायमावर निघतंय का? ह्यो तर दहावं शीट आल्याबिगर हलून न्हाई राह्यला." गणितात एम.एस्सी. करून मी दिल्लीला, राष्ट्रीय विमान कंपनीच्या वेळापत्रक विभागात रुजू होण्यास निघाले होते.

ही कंपनी टपाल वाहण्यापासून सुरू झाली, पुढे सरकारी झाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा खाजगी झाली. एके काळी तिचे लंडनचे विमान कैरो आणि जिनिव्हाला थांबत असे. आता शेजाऱ्यांची हवाई हद्द बंद झाली की युरोपचे मार्ग लांबून वळवावे लागतात. मालक बदलले, मार्ग बदलले. एक सवय टिकली. प्रत्यक्षात लागेल त्याहून अधिक वेळ कागदावर दाखवायचा. वारा, गर्दी, सगळ्यांसाठी राखीव मिनिटे. गावी राहिलेल्या घरच्यांना मी हे कधी समजावले नाही.

गेल्या मे महिन्यात सकाळी साडेदहाला धाकट्या भावाचा, विलासचा, फोन आला.

"ताई, आबा गेले. शेतात गेल्ते, तिथंच... दिवस मावळायच्या आत करावं लागतंय. समदे म्हणून राह्यले, पोरीसाठी थांबू. तू बराबर टाइम सांग."

मी विमान, टॅक्सी आणि रस्ता यांची बेरीज केली. प्रत्येकात राखीव मिनिटे धरली.

"आठ वाजतील. थांबू नका."

"नक्की ना? मंग चारला उरकतो."

विमान संभाजीनगरला वेळेआधी उतरले. उतरताच फोन केला, तेव्हा चार वाजून दहा मिनिटे झाली होती. अग्नी दिला होता. पुढे रस्ताही मोकळा मिळाला. शेताच्या बांधावर पोहोचले तेव्हा काकू जवळ आली. "तूच म्हणलीस ना माय, थांबू नका म्हणून." त्यात टोमणा नव्हता. मला रडू आले नाही. अजूनही आलेले नाही.

जिथे आपल्यासाठी थांबण्याची लोकांची तयारी असते, ते घर, असे मी आता मानते. माझ्यासाठी ती तयारी होती. नको म्हणणारी मीच. दिल्लीला परतल्यावर सवयीने नोंद केली. सांगितलेली वेळ २०:००. प्रत्यक्ष १८:०५. सूर्यास्ताला उरलेली मिनिटे: ५५.