दाबलेला खोकला

आई गेली ती बरगड्या मोडून, असं नातेवाईक अजून सांगतात. मला त्याचा संताप येतो. ती गेली न खोकल्यामुळे, आणि खोकली नाही ती माझ्या झोपेपायी.

हडपसरला तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. अमेरिकेत कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की त्याचा फोन तिथल्या कॉल सेंटरात आम्ही घ्यायचो, म्हणजे कायमची रात्रपाळी. सकाळी कंपनीची गाडी मला घरी सोडायची आणि आमच्या दोन खोल्यांत आईचा पहारा सुरू व्हायचा. बेलची वायर तिने काढून ठेवली होती. कुकर मी यायच्या आत लावून व्हायचा. समोरच्या काकूंना तिने सांगून टाकलं होतं, भांडायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर या.

एकदा स्वारगेटहून येताना बसने करकचून ब्रेक मारला आणि आई सीटच्या दांड्यावर आदळली. तीन बरगड्या मोडल्या. डॉक्टर म्हणाले, हाताला प्लॅस्टर घालता येतं, बरगड्यांना नाही, कारण प्रत्येक श्वासाला छातीचा पिंजरा फुगायलाच हवा. दुखतं म्हणून माणूस अर्धवट श्वास घेतो, मग फुफ्फुसाच्या तळाशी हवा पोचत नाही आणि तिथे कफ साठतो. म्हणून उशी छातीशी घट्ट धरायची, खोल श्वास घ्यायचा आणि मोठ्याने खोकायचं, दर तासाला. सगळं संध्याकाळी एकदमच खोकलं तर चालेल का, असं आईने विचारलं. डॉक्टर हसले, मीही हसलो.

आठवड्याभराने दुपारी पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात आई भिंतीला टेकून बसली होती. उशी छातीशी नव्हती, तोंडावर दाबलेली होती. खांदे गदगदत होते आणि आवाज अजिबात येत नव्हता. अंगाला हात लावला तर चटका बसला. मी तिला नाही नाही ते बोललो. ती एवढंच म्हणाली, "आवाजाने उठलास का रे?"

न्यूमोनिया निघाला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी माझा तळवा तिच्या बरगड्यांवर ठेवला आणि सांगितलं, श्वास घेतला की हा हात वर उचलला गेला पाहिजे. हात जागचा हलत नव्हता. मी विनवण्या केल्या, रागावलो, पाया पडलो. रजा घेतली आहे असं सांगितलं, तेही तिला खरं वाटेना. माझे डोळे किती लाल झालेत, याचीच तिला काळजी. मला भीतीने काही सुचत नव्हतं. शेवटी एक युक्ती सुचली आणि ती मला फार हुशारीची वाटली.

म्हटलं, "तू खोकलीस तरच मी झोपेन."

"तू आधी आडवा हो," ती धापा टाकत म्हणाली, "मग खोकते."

मी तिच्या कॉटशेजारी जमिनीवर सतरंजी अंथरली, आडवा झालो, डोळे मिटले आणि कानात प्राण आणून पडून राहिलो. काहीच ऐकू येईना. न राहवून डोळे किलकिले केले. ती कुशीवर वळून माझ्याकडेच पाहत होती, ओठ गच्च मिटून. मला झोप लागली असं तिला वाटलं होतं.