अर्डिसबाईंनी नाकारलेली फुली

आमच्या रसायनशास्त्र विभागात तोंडी परीक्षेला जाणाऱ्या प्रत्येकाच्या आकृत्या अर्डिस टोलेफसनबाईंच्या शाईखालून जात. बाई शेतकऱ्याच्या घरातल्या, शिक्षण बारावीपर्यंतचं. तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी त्यांचं तिरकं टेबल. आम्हा पोरांच्या पेन्सिलीच्या रेघोट्या त्या एकतीस वर्षं शाईने पक्क्या करत होत्या.

माझी परीक्षा शुक्रवारी होती. बुधवारी मी आकृती नेली. माझा रेणू तीन अणूंचा, आणि तो सरळ की वाकलेला एवढाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न. कागदावर डावीकडे सरळ रेणू, उजवीकडे वाकलेला. मधली प्रत्येक रेषा एकेका ऑर्बिटलची, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या एकेका घराची, ऊर्जा दाखवणारी. ज्या रेषेवर इलेक्ट्रॉन बसलेत ती वाकताना खाली उतरली, तर रेणूला वाकणं परवडतं. माझी इलेक्ट्रॉन बसलेली सगळ्यात वरची रेषा दुसऱ्या एका रेषेला छेदून सरळ चढत गेली होती. म्हणून मी ठोकून दिलं होतं, रेणू सरळ.

बाईंनी पेन उचललं आणि परत ठेवलं.

"या दोघी रेषांवर सममितीची खूण सारखीच आहे. यांची फुली मी काढणार नाही."

हे गणितातून आलंय, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"गणित तुझं, पावलिच," बाई मला आडनावानेच हाक मारत. "पण चारेकशे आकृत्या काढल्यात मी. एका खुणेच्या दोघी जवळ येतात नि माघारी वळतात. आमच्या ह्यांच्यासारखं. ह्यांची नि दिरांची एका दारात गाठ पडली, की 'तू आधी, तू आधी' करत दोघंही परत फिरतात. रेणू वाकवून किती कोनांचे ठिपके काढलेस?"

पाच. मधलं मी पट्टीने जोडलं होतं.

गुरुवारचा अख्खा दिवस पंच कार्डांचा गठ्ठा घेऊन मी संगणकाच्या खोलीत बसलो आणि मधले नऊ कोन काढले. दोन्ही रेषा अगदी जवळ आल्या नि वळल्या. दोघींतली खालची, माझ्या इलेक्ट्रॉनांची, उताराला लागली. रेणू वाकलेला होता. शेवटचं प्रकरण उलटंपालटं झालं आणि मी एकटाच हसत सुटलो.

शुक्रवारी माझे परीक्षक प्राध्यापक हॉगलंडनी नेमकं त्या वळणावर बोट ठेवलं आणि हे कसं सुचलं म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी बाईंना खाली बोलावलं. शाईने माखलेल्या बोटांनिशी त्या आल्या नि दिरांची गोष्ट परत सांगितली. हॉगलंड डोळे पुसेपर्यंत हसले, मग त्यांनी माझ्याशी हात मिळवला. मी पास झालो होतो.

परीक्षेसाठी मी लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. शेवटची वडी आमच्या भागात भिडेपोटी कुणी उचलत नाही. अर्धी, मग अर्ध्याचीही अर्धी कापत बसतात. बाईंनी ती सबंध उचलली.

"ही माझी," त्या म्हणाल्या, आणि जिना चढू लागल्या.