व्हरांड्यातला इन्क्युबेटर

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, तर इन्क्युबेटरचा काटा अठ्ठेचाळीसवर. पेशी वाढवायचं हे आमचं ऊबदार कपाट. त्याचा काटा सदतीसवर हवा, म्हणजे माणसाच्या अंगाइतकी ऊब. आतल्या सगळ्या बाटल्यांमधल्या पेशी मेल्या होत्या. सहा आठवड्यांचं काम गेलं. मी तिथंच फरशीवर बसकण मारली.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. नगर जिल्ह्यातल्या एका विद्यापीठात आम्ही तिघं एचआयव्हीच्या जनुकांवर काम करत होतो: सर, माझ्याहून दोन वर्षं पुढे असलेली एक सहकारी आणि मी. हा विषाणू माणसाच्या पेशीत शिरून कित्येक वर्षं गप्प बसू शकतो आणि मग कधीतरी जागा होतो. त्याची जनुकं चालू करणारं बटण कसं दाबलं जातं, एवढाच आमचा प्रश्न होता. जिवंत विषाणू आमच्याकडे नव्हताच. त्याच्या जनुकांचे निरुपद्रवी तुकडे तेवढे होते. बटण दाबलं गेलं की पेशी निळी दिसेल अशी सोय केलेली होती, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी निळ्या पेशी मोजत बसायचे.

पण हे ऐकतंय कोण? सरांनी एका कॉलेजात भाषण दिलं आणि दोनच दिवसांत गावच्या पेपरात छापून आलं, की विद्यापीठात एड्सचे जंतू पाळलेत. झाडणाऱ्या मावशींनी आमच्या खोलीत पाय टाकणं बंद केलं. कॅन्टीनमध्ये आमचे कप वेगळे झाले. माझ्या घरमालकीणबाईंनी बोलावून चहा दिला, आईची चौकशी केली आणि शेवटी सांगितलं की पुतण्याचं लग्न ठरलंय, खोली लागेल. त्यांना पुतण्या नव्हता.

तर इन्क्युबेटर. कंपनीचा माणूस पुण्याहून तीन आठवड्यांनी येणार होता. म्हणून विद्यापीठाच्या वायरमनला बोलावलं. पंचेचाळिशीचा, हातात कसब असलेला माणूस. तो दारापर्यंत आला आणि थांबला.

"ताई, मला दोन पोरी हायेत," तो म्हणाला.

मी समजावलं. सहकारिणीने समजावलं. सरांनी फळ्यावर चित्र काढून समजावलं, ते त्याने दाराबाहेरूनच पाहिलं आणि मान हलवली. शेवटी सर वैतागून म्हणाले, यंत्रच बाहेर काढा. आम्ही तिघांनी ते धूड ओढत व्हरांड्यात आणलं, तेव्हा वायरमन पायऱ्या उतरून लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला आणि तिथूनच सांगू लागला. मागचं पत्र्याचं झाकण काढा. आतला खटका बघा, काळा पडलाय का. पडला होता. नवा खटका त्याने पायरीवर ठेवला आणि मागे सरकला.

स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात. आयुष्यात घरचा फ्यूजसुद्धा मी बदलला नव्हता. एकदा मी वायर चुकीच्या जागी लावली, तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. तो स्क्रूड्रायव्हर त्याच्याच दिशेने भिरकावावा, असं मला मनापासून वाटलं. दुपारी तीनला काटा सदतीसवर येऊन थांबला. साठवणीतल्या गोठवलेल्या पेशी काढून आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पंधरा दिवसांनी तो आपणहून आला. या वेळी उंबऱ्याच्या आत आला. त्याचे मेहुणे, म्हणजे बहिणीचे यजमान, जामखेडला असत. ट्रकवर ड्रायव्हर. चार महिने ताप हटत नव्हता, जुलाब थांबत नव्हते.

"तुमच्याकडं औषध असंल."

"आमच्याकडे औषध नाही."

"मग इतकी वर्सं काय करताय तुमी हितं?"

मला भयंकर संताप आला. आमच्या यंत्राला बोट न लावणारा माणूस आमच्याच कपाटात औषध शोधत होता. आणि राग त्याच्या प्रश्नाचाही होता, कारण मी निळ्या पेशी मोजते, हे त्याला सांगायची मला लाज वाटली.

त्या गुरुवारी वायरमन आणि त्याच्या मेहुण्यांबरोबर मी नगरच्या दवाखान्यात गेले. मेहुणे हाडांचा सापळा झाले होते. बाकावर मी त्यांच्या शेजारी बसले, वायरमन समोरच्या भिंतीला टेकून उभा. शेजारी बसल्याने हा रोग लागत नाही, हे मी त्याला तिसऱ्यांदा सांगायला लागले, तर मेहुणेच हळू आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. त्येला पोरी हायेत."

तपासणीत एचआयव्ही निघाला. परदेशात नवी औषधं येत असल्याचं आम्ही वाचत होतो. जामखेडच्या माणसाला ती मिळणं शक्यच नव्हतं. डॉक्टरांनी जुलाबावर, तापावर औषधं दिली, आणि बायकोलाही तपासून घ्या म्हणाले. बहिणीला तपासायला नेण्यासाठी वायरमनच्या मागे लागण्यात माझे आणखी दोन महिने गेले. तिला लागण नव्हती. नवऱ्याचं सगळं तीच करत होती, तरी नव्हती. त्या दिवसापासून तो बदलला. मेहुण्यांना दवाखान्यात आणणं-नेणं तोच करू लागला, उचलून एस्टीत चढवू लागला.

मेहुणे पुढच्या वर्षी गेले. तेराव्याला मी जामखेडला गेले. मांडवात शंभर माणसांचा स्वयंपाक झाला होता. पाहुणे आले, रस्त्यावर उभे राहून हात जोडून गेले. पंगतीला वायरमन, त्याची बायको, दोन मुली आणि मी, एवढेच बसलो. बहिणीने वाढलं.

दुपारी तिने भाताची पातेली आणि वरण शेजारच्या दोन घरी पाठवलं. दोन्हीकडून झाकण न काढता परत आलं. ते सगळं वायरमनने आणि मी धरून ओढ्यापलीकडच्या गोठ्यात नेऊन ओतलं. येताना तो एवढंच म्हणाला, "ह्यांना आता कोन समजावनार, ताई?"

मला तर त्यालाही समजावणं जमलं नव्हतं. संध्याकाळच्या एस्टीने मी परतले.