रजेवरची मावशी

माझी धाकटी मावशी रजेवर आली, की गोव्यातल्या आमच्या धारगळ गावचे निम्मे आजार भीतीनंच बरे होत. ती लष्करी इस्पितळात नर्स होती, कॅप्टनच्या हुद्द्यावर. घरात पाऊल टाकताच सगळ्यांची नखं तपासायची, पाणी उकळायला लावायची, आणि पाव विकणारा पोदेर दारात आला की आधी त्यालाच हात धुवायला पाठवायची. शेजारचे आबा खोकला आला की माडाआड जात. कोणी तिच्या लग्नाचा विषय काढला, तर त्याची नाडी धरून ती गंभीरपणे म्हणे, "जोरात चाललीय. जास्त बोलू नका."

राज्याची भाषा मराठी की कोकणी, यावरून आंदोलन पेटलं त्या वर्षी ती अशीच आली होती. मी नुकताच शाळेत मास्तर झालो होतो. एका दुपारी आम्ही बाजारातून परतत होतो, तर हमरस्त्यावर झाड आडवं टाकलेलं. अलीकडे मराठीवाले, पलीकडे कोकणीवाले, आणि दगड दोन्हीकडून. कामावरून येणारा बेळगावकडचा एक गवंडी मध्ये सापडला आणि डोक्यात दगड लागून कोसळला. आरडाओरडा थांबला, पण पुढे कोणी येईना.

"कोणाचो रे तो? आमचो काय तांचो?" एकानं विचारलं.

मावशीनं पिशवी माझ्या हातात कोंबली, सरळ मधोमध गेली आणि पदर त्याच्या जखमेवर दाबून धरला. "रगत व्हांवता ताचें! आधी झाड काडात!" अशी ओरडली, की दोन्हीकडच्यांनी हातातले दगड खाली टाकले आणि एकमेकांना शिव्या घालत झाड ओढलं.

एका जीपवाल्यानं गवंड्यासकट आम्हाला म्हापशाच्या इस्पितळाकडे नेलं. गवंड्याचे डोळे मिटत होते. "नाव सांग! परत सांग!" मावशी त्याला झोपू देईना. रक्ताकडे बघवेना म्हणून मी काहीतरी विचारलं, "मावशी, तू मिलिटरीत कशाला गेलीस गे?"

"तुझे आजोबा माडावरून पडले, तेव्हा वाड्यावरची सगळी माणसं भोवती उभी राहून हळहळत होती. मीसुद्धा. हात कोणीच लावला नाही." तिनं पदर आणखी घट्ट दाबला. "मिलिटरींत पयलीं हात लावंक शिकयतात. मग रडूंक सोडतात."

गवंडी वाचेल, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा उन्हं कलली होती. घरी आल्यावर ती विहिरीपाशी कितीतरी वेळ हात धूत बसली. मी चहा नेला. ती हात धुवायची थांबेना, कप घेईना. मग मीच तो तिच्या ओठांशी धरला. लहान मुलीसारखी ती एकेक घोट घेत राहिली. डोळे भरले होते.

"साखर कमी घातलीस रे," एवढंच म्हणाली.