साडीच्या दुकानातली जपानी

निपाणीत आमच्या घरासमोर साड्यांचं दुकान आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. साठी उलटली तरी गादीवर बसून, कानात इअरफोन घालून ते जपानी शब्द पुटपुटत असतात. त्यांच्या बायकोला, आक्कांनाही त्यांनीच शिकायला लावलं.

"जपानला निघालाय व्हय?" मी विचारलं.

"कशाला? गिऱ्हाइकापुढं बायकोशी बोलायचं कशात, सांग. मराठी सगळ्यांस्नी येतंय, कन्नड येतंय, हिंदी येतंय. गोव्याचं गिऱ्हाईक आलं की कोकणीबी गेली."

मला वाटलं, साड्यांच्या भावाची गुपितं असणार.

काल दुकान गच्च भरलं होतं. अण्णा भाव सांगावा तशा आवाजात आक्कांना जपानीत काहीतरी म्हणाले. आक्का इतक्या लाजल्या की मी बायकोसाठी घेतलेली साडी त्यांनी भलत्याच बाईच्या पिशवीत घातली.

"काय म्हणालात?" मी हळूच विचारलं.

"लई देखणी दिसतीस म्हटलं. लगीन झाल्यापासनं सांगायचं ऱ्हायलंतं. एकांतच न्हवता."

घरी येऊन हे सगळं सांगितलं आणि बायकोला म्हटलं, "आपणबी शिकूया काय गं?" ती लगेच तयार झाली.

कोपऱ्यात आई भाजी निवडत होती. म्हणाली, "मलाबी शिकवा रं. तुमचं काय चाललंय ते कळाय नको?"

जपानीबी गेली.