पाचशे पंच्याहत्तर अंशांची थाप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही: माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधातलं तापमान खोटं आहे. पाचशे पंच्याहत्तर अंश. आकडा भारदस्त दिसला, म्हणून ठेवला.

विषय असा, की मॅग्नेशियमचा मिश्रधातू अर्धवट वितळवायचा, साच्याच्या भोकातून दाबून त्याची दांडी काढायची आणि आतल्या कणांचं काय झालं ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. धारवाडातल्या आमच्या भट्टीचं थर्मोकपल तेव्हा मनाला येईल ते तापमान दाखवायचं. धातू किती मऊ झाला हे ओळखायचे प्रयोगशाळेतले अण्णा. अळणावरकडचे, घरचं गुऱ्हाळ; काहिलीतला गूळ कधी उतरवायचा हे हातालाच कळणारा माणूस. भट्टीत सळई खुपसायचे आणि म्हणायचे, "ईग, सर." म्हणजे आत्ता. मग मी दट्ट्या दाबायचा. कण असे गोल, बारीक, एकसारखे यायचे, की परीक्षक मान डोलावत राहिले. तापमान कसं राखलंत, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काटेकोर नियंत्रणानं. काटेकोर नियंत्रण तेव्हा बाहेर व्हरांड्यात तंबाखू मळत बसलं होतं.

पुढे अण्णा निवृत्त झाले आणि मी गाईड झालो. माझी पहिली विद्यार्थिनी सप्तापुरात खोली घेऊन राहिली आणि तीन वर्षं माझ्या आकड्यावर भट्टी तापवत बसली. थर्मोकपल आता नवं, अचूक. तिथंच घात झाला. धातू पातळ होऊन साच्याच्या फटींतून पळायचा. उरलेल्या दांडीत कण जाडेभरडे, मधे पोकळ्या.

एकदा तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "सर, तुमचं तापमान खरं म्हणजे कमी तर नव्हतं ना?"

"आकड्याला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "हात स्थिर पाहिजे."

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. परत कधी विचारलं नाही. चौथ्या वर्षी काम सोडून गेली.

मागच्या महिन्यात हुबळीत, देशपांडे नगरात चुरमुऱ्यांच्या गिरमिटाच्या गाडीवर भेटली. शिकवण्या घेते. नवऱ्याशी ओळख करून देताना हसत म्हणाली, सरांनी खूप केलं हो, माझ्याच हातात कसब नव्हतं. यावर मी काय केलं? आणखी एक प्लेट गिरमिट मागवलं आणि तेही तिखट.

माझा आकडा खोटा होता, चूक तिची नव्हती, एवढं मी तिला सांगायचं आहे आणि विद्यापीठाला लिहून द्यायचं आहे. दोन्ही अजून केलेलं नाही.