बारा शब्दांचा पाळणा

म्हैसूरला बदलून आलो त्या वर्षी मोबाइलच्या दुकानात एक आजी भेटल्या. माझं फोनवरचं मराठी ऐकून त्यांनी बाकावर सरकून जागा दिली. त्यांचा जुना फोन कायमचा बंद पडला होता आणि मुलीच्या शिवणाच्या दुकानासाठी जमवलेली शिल्लक त्यातल्या क्रिप्टो वॉलेटमध्ये अडकली होती. नव्या फोनवर ते उघडायला, वॉलेट काढताना मिळालेले बारा गुप्त इंग्रजी शब्द क्रमाने भरायचे होते. दुकानदार म्हणाला, "तुम्ही सांगा, मी टाइप करतो."

"इल्ला. ते कुणाला सांगायचे नसतात," म्हणत त्यांनी फोन पदराआड घेतला. मग ओठ मिटून पाळण्याची चाल गुणगुणत, मान डोलावत एकेक शब्द भरू लागल्या. मध्येच अडल्या आणि चेहरा उतरला. "स्वल्प थांबा," म्हणून त्यांनी चाल पहिल्यापासून धरली. दुकानदाराने घरघरणारा पंखा बंद केला.

वॉलेट उघडलं तेव्हा त्यांनी फोन कपाळाला लावला.

मी विचारलं, "हे सगळं पाठ कसं राहिलं?"

"नातीला रोज हेच म्हणून झोपवते की."

"म्हणजे तिला कळलेच ना शब्द?"

"अजून बोलत नाही ती," त्या मनापासून हसल्या. "बोलाय लागली की नवं वॉलेट, नवा पाळणा."